डिजिटल आरोग्य कंपनीसाठी सल्लागार निवडताना आणि त्यांच्याकडून काम करून घेताना

सल्लागार शोधायला निघण्याआधी एक काम करा. येत्या सहा महिन्यांत कंपनीला जे निर्णय घ्यावेच लागणार आहेत ते एका कागदावर लिहून काढा. ‘वाढ करायची’, ‘बाजार समजून घ्यायचा’ असलं मोघम काही लिहू नका. ‘पहिलं गिऱ्हाईक म्हणून रुग्णालय धरायचं की विमा कंपनी’, ‘ॲप फक्त नोंदी ठेवणार की औषधाचा डोस बदलायलाही सुचवणार’, ‘रुग्णाची माहिती किती वर्षं ठेवायची’, असे नेमके निर्णय लिहा. मग हे ठरवायला लागणारी माहिती आपल्यातल्या कोणाला आहे, त्याचं नाव प्रत्येक ओळीपुढे टाका. ज्या ओळीपुढे कोणाचंच नाव टाकता येत नाही, तिथे सल्लागार लागतो.

मी पेशाने नर्स. पुढे रुग्णांवर घरबसल्या देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आले, तिथे क्लिनिकल ऑपरेशन्स सांभाळली, आणि आता अशा कंपन्यांना सल्लागार मंडळाची घडी बसवून देण्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्थापकांकडे नावांची यादी तयार असते: एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ, एक निवृत्त बँक अधिकारी, एक बड्या सॉफ्टवेअर कंपनीतले उपाध्यक्ष. मी ती यादी बाजूला ठेवते आणि निर्णयांचा कागद मागते. कागद नसेल तर पहिली बैठक तो लिहिण्यातच जाते. जाऊ दे. कागदाशिवाय नेमलेल्या माणसाला काय विचारायचं हे कोणालाच कळत नाही, आणि मग तोही दर बैठकीत स्वतःला जे येतं तेच सांगत राहतो.

मोठ्या नावांचं काय करायचं

मोठं नाव दार उघडून देतं, हे खरं आहे. पण नाव बघून मंडळ भरलं की काय होतं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण थेरानॉसचं. २००३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या संचालक मंडळावर जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री होते, विल्यम पेरी हे माजी संरक्षणमंत्री होते, जेम्स मॅटिस हे लष्करातले जनरल होते. बिल फ्रिस्ट आणि विल्यम फेगी हे दोघे डॉक्टरही होते. एक हृदय प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद, दुसरे साथरोगतज्ज्ञ. कंपनीचं काम मात्र बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर तपासण्या करण्याचं होतं, आणि प्रयोगशाळेतली यंत्रं, नमुने, तपासणीची अचूकता यांत आयुष्य घालवलेल्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ जाहीर झालं ते २०१६ मध्ये, म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये ऑक्टोबर २०१५ पासून बातम्या यायला लागल्यावर. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या.

फसवायचंच ठरवलेल्या माणसाला सल्लागार थांबवू शकेलच असं नाही. पण मंडळावर एखादा कसलेला पॅथॉलॉजिस्ट असता तर त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं असतं: बोटातून काढलेल्या थेंबावर आलेला आकडा आणि त्याच रुग्णाच्या शिरेतून काढलेल्या रक्तावर आलेला आकडा शेजारी शेजारी दाखवा. हा प्रश्न कोणाला सुचेल? ज्याने ते काम हाताने केलं आहे त्याला. म्हणून नाव तपासताना मी एवढंच बघते, की आपल्या कागदावरच्या प्रश्नाच्या पलीकडच्या खुर्चीवर हा माणूस कधी बसला आहे का, आणि किती अलीकडे.

अलीकडे हा शब्द महत्त्वाचा आहे. या क्षेत्रातले नियम भराभर बदलतात. युरोपीय संघाची वैद्यकीय उपकरणांची नवी नियमावली २६ मे २०२१ पासून लागू झाली. त्याआधी कितीतरी सॉफ्टवेअर सर्वांत खालच्या वर्गात बसत आणि कंपनीला स्वतःच घोषणापत्र देऊन बाजारात उतरता येत असे. नव्या नियमावलीच्या अकराव्या नियमानुसार निदान किंवा उपचाराचा निर्णय घ्यायला उपयोगी पडणारी माहिती देणारं सॉफ्टवेअर किमान ‘दोन-अ’ वर्गात जातं, आणि तिथे बाहेरच्या अधिकृत संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या नियमांवर हात बसलेला, पण २०२१ नंतर एकही फाईल न हाताळलेला सल्लागार तुम्हाला अगदी मनापासून चुकीचं वेळापत्रक देईल.

पहिला सल्लागार पैशाच्या बाजूचा असू द्या

हे मी आग्रहाने सांगते, आणि संस्थापकांना ते सहसा पटत नाही. त्यांना पहिला सल्लागार डॉक्टर हवा असतो. पण आरोग्यात वापरणारा एक, लिहून देणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असतो. शिवाय ते सॉफ्टवेअर रुग्णालयाच्या यंत्रणेला जोडून देणारा आयटी विभाग चौथा. यांतला एक जरी नाही म्हणाला तरी गाडी अडते.

पेअर थेराप्युटिक्सचं उदाहरण बघा. व्यसनमुक्तीसाठी बनवलेल्या त्यांच्या ‘रीसेट’ या ॲपला सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली. डॉक्टरने औषधासारखं लिहून द्यायचं ॲप, त्यामागे चाचण्या, त्यामागे अभ्यासू माणसं. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रमुखांनी तेव्हा जाहीरपणे जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की उपचार लागू पडतो हे दाखवलं, डॉक्टर लिहून देतात, रुग्ण वापरतात, तरीही पैसे देणारा नकार देऊ शकतो. प्रोटियसची गोष्टही फार वेगळी नाही. गोळीत बारीक सेन्सर बसवून ती घेतली की नाही हे कळवणारी त्यांची यंत्रणा नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्य झाली, आणि जून २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

उलट जर्मनीत काय घडलं ते पाहा. तिथे डिसेंबर २०१९ मध्ये कायदा करून आरोग्य ॲप डॉक्टरला लिहून देता येईल आणि सार्वजनिक आरोग्य विमा त्याचे पैसे देईल अशी सोय केली. पुरावा पूर्ण नसला तरी ॲपला तात्पुरतं यादीत घेतात, पण साधारण १२ महिन्यांत फायदा सिद्ध करावा लागतो. म्हणजे तिथे पैशाचा प्रश्न थेट संशोधनाचा प्रश्न होऊन बसतो. रुग्णांची निवड, तुलनेचा गट, कोणतं मोजमाप धरायचं, हे सगळं पैसे देणाऱ्याला काय पटेल यावरून ठरतं. विम्याच्या बाजूने असे अर्ज वाचलेला माणूस तुमच्याकडे असेल तर चाचणीचा आराखडा लिहितानाच तो सांगेल, की ‘ॲप किती वेळा उघडलं’ याला ते काडीची किंमत देणार नाहीत, ‘रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावं लागलं का’ हे मोजा.

खरेदीच्या बाजूचा सल्लागार काय देतो हे एकदा अगदी जवळून पाहायला मिळालं. घरच्या घरी रक्तदाब मोजून रीडिंग रुग्णालयात पाठवणारं सॉफ्टवेअर होतं. सल्लागार म्हणून रुग्णालयाच्या खरेदी विभागातून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. संस्थापकांनी डॅशबोर्ड दाखवला. रीडिंग वाढलं की रुग्णाच्या नावाची ओळ लाल होत होती. बाईंनी त्या लाल ओळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “हे रात्री पावणेबाराला लाल झालं. बघणार कोण?”

“ड्युटीवरची नर्स, मॅडम.”

“तिच्याकडे आधीच वॉर्ड आहे. हे काम तिच्या ड्युटीच्या यादीत कोणी लिहिलंय का? नसेल तर हे विकत घेणाऱ्याला एक माणूसही नेमावा लागेल. त्याचा पगार तुमच्या कोटेशनमध्ये कुठे आहे?”

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. नर्स म्हणून रात्रपाळ्या केलेल्या असल्यामुळे त्या प्रश्नाचं वजन मला ठाऊक होतं. पण वॉर्डातली अडचण खरेदीच्या टेबलावर कोणत्या शब्दांत मांडली जाते, हे त्या बाईंनाच माहीत होतं. त्यानंतर कोटेशन बदललं. रात्रीचे इशारे बघण्याची सेवा वेगळी ओळ म्हणून आली, इशाऱ्यांचे दोन स्तर झाले, आणि खालच्या स्तराचे इशारे सकाळच्या यादीत जायला लागले. उत्पादनातही बदल झाला आणि विक्रीतही, एका प्रश्नामुळे.

याच बाजूचा सल्लागार तुम्हाला पायलटच्या, म्हणजे विकत घेण्याआधी थोडे दिवस वापरून बघण्याच्या, फेऱ्यातूनही सोडवतो. रुग्णालयं पायलटला पटकन हो म्हणतात, विशेषतः फुकट असेल तर. मग तीन महिन्यांचे सहा महिने होतात, उत्साही डॉक्टर बदली होऊन जातात, आणि खरेदीचं नाव कोणी काढत नाही. पायलट सुरू होण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कोणतं मोजमाप, किती झालं म्हणजे यशस्वी, कोणत्या तारखेला आढावा, आणि यशस्वी झाल्यास खरेदीच्या कागदावर सही कोणाची. चौथ्या गोष्टीचं उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलताय असं समजा. खरेदी विभागात काम केलेला सल्लागार बरोबर माणसाचं पद सांगू शकतो, आणि त्या पदावरच्या माणसाचं अंदाजपत्रक वर्षाच्या कोणत्या महिन्यात ठरतं तेही.

डॉक्टर सल्लागार: कोण आणि कशासाठी

डॉक्टर हवेतच. फक्त एकाच माणसाकडून दोन कामांची अपेक्षा धरू नका. संशोधनाचा आराखडा तपासणारा प्राध्यापक वेगळा आणि रोज ओपीडीत बसून तुमचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष उघडणारा डॉक्टर वेगळा. पहिल्याचा वेळ वर्षातून मोजका लागतो, दुसऱ्याचा वारंवार. आणि माझी एक मागणी असते: मंडळावर एक नर्स किंवा तंत्रज्ञ असावा, मानधन देऊन, नावासकट. सॉफ्टवेअरमुळे वाढणारं काम बहुतेकदा त्यांच्याच अंगावर पडतं, आणि कुठे काय अडेल हे ते दहा मिनिटांत सांगतात.

डॉक्टर सल्लागाराला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे: हे कोणत्या रुग्णांवर तपासलंय, आणि आमचे रुग्ण तसे आहेत का? सेप्सिसचा, म्हणजे संसर्ग शरीरभर पसरून जीव धोक्यात येण्याचा, इशारा देणारं एपिक कंपनीचं मॉडेल अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते स्वतःच्या सुमारे २७,७०० रुग्णांवर तपासून पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मॉडेलने सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण टिपलेच नव्हते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर इशारे वाजवले होते. इतके इशारे वाजले की वॉर्डातली माणसं त्यांच्याकडे बघणं सोडतात. हे मी स्वतः अनुभवलंय. बाहेरच्या रुग्णालयात, स्वतंत्र माणसांकडून तपासणी करून घ्या असा हट्ट धरणारा डॉक्टर सल्लागार तुमचा खर्च वाढवेल. वाढू द्या.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला एक अभ्यासही सल्लागारांच्या पहिल्या बैठकीत मी वाचायला देते. कोणाला जास्त काळजीची गरज आहे हे ठरवणारा एक अल्गोरिदम ‘गरज’ मोजण्यासाठी रुग्णावर झालेला खर्च वापरत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितकाच आजार असताना कमी खर्च होत होता, म्हणून ते यादीत मागे पडत होते. कागदावर ते निव्वळ तांत्रिक काम दिसत होतं. बिलं कशी बनतात हे माहीत असलेला आणि आजार कसा वाढतो हे माहीत असलेला, असे दोघे एका टेबलावर असले की असली गफलत लवकर दिसते.

एक सावधगिरी. तुमचा डॉक्टर सल्लागार ज्या रुग्णालयात काम करतो तेच तुमचं संभाव्य गिऱ्हाईक असेल, तर त्याने स्वतःच्या रुग्णालयाला हे नातं लेखी कळवलं पाहिजे आणि तुमचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की नाही या निर्णयातून बाजूला राहिलं पाहिजे. अमेरिकेत तर सरकारी योजनांच्या रुग्णांसाठी शिफारस मिळावी म्हणून डॉक्टरला मोबदला देणं हा १९७२ पासून गुन्हाच आहे. तुमचा देश कोणताही असो, मानधन हे सल्ल्याच्या तासांचं असलं पाहिजे, आणि तासांचा हिशेब फाईलमध्ये असला पाहिजे.

नियमांचा सल्लागार आणि तुमची जाहिरात

नियमांच्या सल्लागाराकडे जाताना बरेच जण सॉफ्टवेअरची तांत्रिक माहिती घेऊन जातात. तुम्ही संकेतस्थळावरची आणि विक्रीच्या स्लाइडमधली वाक्यंही घेऊन जा. वैद्यकीय हेतू असलेलं आणि उपकरणाचा भाग नसलेलं सॉफ्टवेअर स्वतःच वैद्यकीय उपकरण मानायचं, ही वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय नियामक मंचाची व्याख्या २०१३ ची आहे, आणि तिचा सगळा भर ‘हेतू’ या शब्दावर आहे. ‘रक्तदाबाची नोंद ठेवा’ या वाक्याचा हेतू वेगळा. ‘रक्तदाबावरून औषध कधी वाढवायचं ते कळेल’ या वाक्याचा हेतू वेगळा. कोड तोच असतो. विक्री विभागाने उत्साहात एक वाक्य वाढवलं की कंपनी वरच्या वर्गात जाऊन बसते आणि वर्षभराचं काम वाढतं. म्हणून करारातच लिहून घ्या, की प्रत्येक नवी जाहिरात छापायला जाण्याआधी हा सल्लागार वाचेल.

त्याच्याकडून दुसरी गोष्ट लवकर करून घ्यायची ती नोंदींची. सॉफ्टवेअरच्या जडणघडणीसाठी आयईसी ६२३०४, धोक्यांच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१, गुणवत्ता यंत्रणेसाठी आयएसओ १३४८५ ही मानकं आहेत. कोड लिहिला जात असतानाच या नोंदी ठेवायला लागलात तर त्या रोजच्या कामात मुरतात. दोन वर्षांनी मागे जाऊन त्या तयार करायच्या म्हटलं तर तोपर्यंत निर्णय घेणारी माणसंच कंपनी सोडून गेलेली असतात. चांगला सल्लागार पहिल्या महिन्यात जाडजूड फाईल देत नाही. कोणत्या तीन नोंदी आजपासून ठेवायच्या ते सांगतो.

विक्री वाढवून देणारा सल्लागार

याच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण नुकसान बहुतेकदा इथून सुरू होतं. ऑनलाइन खरेदी, प्रवास, मनोरंजन अशा क्षेत्रांतून आलेली ही माणसं हुशार असतात आणि गिऱ्हाईक कसं मिळवायचं हे त्यांना खरोखर कळतं. त्यांच्या सवयीही सोबत येतात. संकेतस्थळावर कोण काय बघतं ते टिपणारे जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर लावा, ईमेलची यादी अपलोड करून तशीच माणसं शोधा, अर्धवट सोडलेल्या फॉर्मवरून आठवण पाठवा. चपलांच्या दुकानात हे चालतं. मानसिक आरोग्याच्या संकेतस्थळावर ‘नैराश्य’ या पानावर कोण गेलं होतं ही माहिती बाहेर जाणं म्हणजे त्या माणसाचा विश्वासघात आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पवर रुग्णांची संवेदनशील माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिल्याबद्दल कारवाई केली आणि ७८ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्सला १५ लाख डॉलरचा दंड झाला. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती हा वेगळा, जास्त संरक्षणाचा वर्ग आहे.

म्हणून नियम असा ठेवा: विक्रीच्या सल्लागाराची जी सूचना रुग्णाच्या माहितीला स्पर्श करते, ती माहिती सुरक्षेच्या सल्लागाराने लेखी होकार दिल्याशिवाय अमलात येणार नाही. यात दोघांपैकी कोणाचाही अपमान नाही. दोघांनाही हे नेमतानाच सांगा.

सुरक्षेचा सल्लागार परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी फिनलंडच्या वास्तामोची हकिगत सांगते. ती मानसोपचार केंद्रांची कंपनी होती. तिथल्या समुपदेशनाच्या नोंदी चोरीला गेल्या, चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये थेट रुग्णांना ईमेल पाठवायला सुरुवात केली. हजारो माणसांनी बंद खोलीत सांगितलेलं चव्हाट्यावर येण्याची भीती घेऊन ते दिवस काढले. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अशी माहिती आपण हातात घेतो तेव्हा तिच्यासाठी एक जाणकार माणूस नेमणं ही आपली जबाबदारीच आहे.

नेमण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्या

मुलाखतीवर जाऊ नका. कागदावरचा एक खरा प्रश्न द्या, त्या कामाचे पैसे द्या आणि उत्तर बघा. मी तीन गोष्टींकडे लक्ष देते. त्याने उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारले का? ‘हे माझं क्षेत्र नाही, त्यासाठी अशा अशा माणसाला गाठा’ असं कुठे म्हणाला का? आणि उत्तरात पुढचं पाऊल आहे का, की नुसतंच निरीक्षण आहे? शिवाय त्याने पूर्वी सल्ला दिलेल्या दोन कंपन्यांशी बोला, त्यांतली एक अशी असावी जिने त्याचा सल्ला मानला नव्हता. नकार मिळाल्यावर माणूस कसा वागतो हे तिथे कळतं.

करारात मुदत लिहा, महिन्याला किती तास ते लिहा, गुप्तता, हितसंबंधांची घोषणा आणि त्याने केलेल्या कामाची मालकी कोणाची तेही लिहा. सल्लागाराला खऱ्या रुग्णांची माहिती दाखवली जाणार नाही, दाखवायचीच झाली तर ओळख पुसलेली, हेही करारात यायला हवं. समभाग द्यायचे असतील तर फाउंडर इन्स्टिट्यूटने तयार केलेला ‘फास्ट’ हा नमुना करार हाताशी घ्या. त्यात अगदी सुरुवातीच्या कंपनीसाठी कामाच्या खोलीप्रमाणे पाव टक्का ते एक टक्का असं प्रमाण सुचवलंय, आणि हे समभाग दोन वर्षांत दर महिन्याला थोडेथोडे मिळतात; पहिल्या तीन महिन्यांत काही नाही. याहून जास्त मागणाऱ्याला कारण विचारा. ‘माझ्या नावाने गुंतवणूकदार येतील’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

सल्लागार आणि संचालक यांतली रेघ पुसू देऊ नका. संचालकावर कायद्याची जबाबदारी असते, सल्लागारावर तशी नसते. पण एखाद्याच्या सूचनेबरहुकूम संचालक मंडळ वागायला लागलं तर ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यासारखे कायदे त्याला पडद्यामागचा संचालक मानू शकतात. व्यावसायिक म्हणून दिलेला सल्ला त्यातून वगळलेला आहे. म्हणून इतिवृत्तात ‘सल्लागारांनी ठरवलं’ असं कधी लिहू नका. ‘सल्लागारांचं मत ऐकलं; मंडळाने असं ठरवलं’ असं लिहा.

बैठक

सगळ्या सल्लागारांना दर महिन्याला एकत्र बसवू नका. एकत्र बसले की ज्येष्ठ बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. वर्षातून दोन-तीनदा एकत्र, एरवी ज्याचा प्रश्न त्याच्याशी एकेकटं. बैठकीच्या तीन दिवस आधी एक पान पाठवा. मी जो नमुना देते त्यातलं भरलेलं पान साधारण असं दिसतं:

‘निर्णय: मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिनच्या डोसची सूचना ॲपमधून द्यायची की नाही. तारीख: या तिमाहीअखेर. आम्हाला माहीत आहे: डॉक्टरांची मागणी आहे, स्पर्धक अजून देत नाहीत. आम्हाला माहीत नाही: उपकरणाचा वर्ग कोणता होईल, चुकीच्या सूचनेची जबाबदारी कोणावर येईल. पर्याय: फक्त तक्ता दाखवणं, डॉक्टरने मंजूर केल्यावरच सूचना दाखवणं, थेट सूचना देणं. आमचा कल: दुसरा पर्याय. तुमच्याकडून हवं: यात आम्हाला न दिसलेला धोका.’

शेवटची ओळ सोडू नका. ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं की मत मिळतं. न दिसलेला धोका विचारला की माणूस पान पुन्हा वाचतो.

दोन सल्लागार परस्परविरोधी सांगतील तेव्हा घाबरू नका आणि मधला मार्गही काढू नका. दोघांना एका फोनवर घ्या आणि कोणती गोष्ट खरी ठरली तर तुमचं मत बदलेल, एवढंच दोघांना विचारा. बहुतेकदा भांडण एका न तपासलेल्या माहितीवर येऊन थांबतं, आणि ती माहिती आठवड्याभरात मिळवता येते.

एक वही ठेवा: तारीख, प्रश्न, सल्ला, आपण काय केलं, मानला नसेल तर का. सल्लागाराला ती दाखवा. आपला सल्ला मानला नाही यापेक्षा त्याचं पुढे काय झालं हेच कळलं नाही, यावर चांगली माणसं जास्त नाराज होतात.

मुदत संपताना

वर्षअखेरीला ती वही आणि पहिला निर्णयांचा कागद शेजारी ठेवा. ज्या प्रश्नासाठी नेमलं तो प्रश्न सुटला असेल तर मुदत वाढवू नका, माणूस कितीही आवडता असला तरी. निरोपाचं पत्र लिहा. त्यात कोणता निर्णय त्यांच्यामुळे बदलला ते नेमकं सांगा, किती समभाग मिळाले आणि किती मिळणार नाहीत ते आकड्यांत लिहा, आणि गुप्ततेची अट कधीपर्यंत लागू राहील ते लिहा. त्याच दिवशी त्यांचं सामायिक फोल्डरचं आणि चाचणीच्या सर्व्हरचं लॉगिन बंद करा, संकेतस्थळावरून आणि गुंतवणूकदारांच्या स्लाइडवरून नाव काढा, आणि काढल्याचं त्यांना कळवा. ज्या डॉक्टरांचं नाव संशोधनाच्या आराखड्यावर किंवा नीतिसमितीच्या अर्जावर आहे, त्यांच्या बाबतीत समितीलाही बदल लेखी द्यावा लागतो. तो अर्ज निरोपाच्या पत्राबरोबरच तयार ठेवा.